माझ्या माडीवरचं तरंगतं काँक्रीट

भाडेकरू दर महिन्याला भाडं देतो आणि जाताना किस्से ठेवून जातो. भाडं खर्चून टाकता येतं, किश्शांचं तसं होत नाही. ते एकावर एक चढत राहतात, आणि वरचा एक काढायला जावं तर खालचे तीन घसरून अंगावर येतात. मला लिहिता-वाचता येत नाही, पण कोण, कुठं उभं राहून, काय बोललं ते विसरताही येत नाही. म्हणून नातीला लिहायला बसवलंय. ती म्हणते, "आजी, पाल्हाळ नको." तिला सांगितलं, पाया घातल्याशिवाय वरचा मजला चढत नाही, लिही.

तर पाया एवढाच. धायरी तेव्हा नुकती गावातून शहरात जमा होत होती. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. रस्त्याच्या अलीकडची जागा आमच्याकडे आली, समोरची माझ्या धाकट्या जावेकडे, शकूकडे. मी खाली घर आणि वर माडी असं बांधलं. शकूनं माझा वरचा स्लॅब पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग तीन मजले चढवले. तेव्हापासून माझ्या खिडकीतून सिंहगड दिसायचा बंद झाला. शकू दिसते.

*

माडी भाड्यानं मागायला देवधरसाहेब आले. पेठेतला माणूस, पन्नाशी उलटलेली, बोलताना ओठ अगदी गरजेपुरते हलवणार.

"आपण काय करता?" मी विचारलं.

"समुद्रावर तरंगणारी काँक्रीटची बांधकामं."

"इथं कुठं आलाय समुद्र?"

"समुद्र शेवटी लागतो, वहिनी. पहिली काही वर्षं टेबलं लागतात."

मग त्यांनी ओसरीवर बसून मला समजावलं. समुद्राच्या तळाखाली गॅस असतो, तेल असतं. ते काढायचं तर वर यंत्रं ठेवायला, माणसांना राहायला जागा पाहिजे. म्हणून किनाऱ्यावर आतून पोकळ असं काँक्रीटचं भलंमोठं बांधकाम करायचं, पाण्यात सोडायचं, आणि ओढत नेऊन खोल समुद्रात बांधून ठेवायचं. मी म्हटलं, आम्ही असलेली जमीन विकणारी माणसं, आणि हे नसलेली जमीन करणारे. दिली माडी.

त्याच महिन्यात शकूच्या तिन्ही मजल्यांवर कंप्यूटर कंपनी आली. त्यांनी इमारतीला निळ्या काचा बसवल्या. दारात कंपनीतल्या पोरांना आणायला-सोडायला बस. एसी. खाली खोलीएवढा जनरेटर. वीज गेली की आमच्या माडीवरची मंडळी नकाशे घेऊन माझ्या पायऱ्यांवर येऊन बसत आणि समोर दिवाळी असल्यासारखा उजेड. माझ्या पोटात असं काही दुखायचं की ओवा खाऊनही थांबायचं नाही.

माडीवर एक मिलिंद म्हणून तरुण पोरगा होता. त्यांच्या घरातला पहिलाच इंजिनियर. तो एकदा त्या काचांकडे बघत म्हणाला, "सर, आपणही एक छोटा जनरेटर घ्यायचा का?"

देवधरसाहेब नकाशातून मान वर न काढता म्हणाले, "कशाला? वीज असताना आपण काय करतो हेही अजून कोणाला दिसलेलं नाही."

*

माझ्या अंगणात हौद आहे, दगडी, बैल धुवायच्या दिवसांतला. एके दिवशी चौघांनी मिळून काँक्रीटचा टेबलाएवढा पोकळ डबा जिन्यावरून खाली आणला. खऱ्या बांधकामाचा छोटा नमुना. म्हणाले, "काकू, तुमच्या हौदात सोडतो."

सोडला. जरा वेळ छान उभा राहिला, मग एका अंगावर कलंडला आणि तसाच आडवा पडून राहिला. समोरच्या गच्चीतून आवाज आला, "झोपलं का बाळ?"

शकू. वाळवणं राखायच्या निमित्तानं केव्हाची उभी होती.

त्यांनी डबा बाहेर काढला, तळात लोखंडाचे तुकडे घातले आणि पुन्हा सोडला. या वेळी तो सरळ उभा राहिला. मिलिंदनं हातानं ढकलून पाहिलं, तर डुलला आणि परत सरळ. मी गच्चीकडे बघून म्हटलं, "दिसलं का? सिमेंट तरंगतंय."

"त्यात काय, आक्का," शकू म्हणाली. "हौदात माझी कढईसुद्धा तरंगते."

मला वाटलं, देवधरसाहेब आता हिला चांगलं सुनावतील. तर ते हात जोडून वर बघत म्हणाले, "अगदी बरोबर बोललात. हीच गोष्ट काम देणाऱ्या साहेबांना पटवायला आम्हाला तीन महिने आणि चाळीस पानं लागली."

शकूला कढईवरून शाबासकी. माझ्या घरात तिच्यापेक्षा मोठ्या दोन कढया आहेत, आणि हौदही माझाच. आठवडाभर मी माडीवर चहा पाठवला तो बिनआल्याचा.

*

मिलिंदचं काम वजनाचं. तरंगणं हा सगळा वजनाचा मामला. कोणी एक नळ वाढवला, कोणी रंगाचा जादा हात सुचवला, की मिलिंदच्या कपाळाला आठी. किती जड, कुठं ठेवणार, वर की खाली, हे त्याला कळलंच पाहिजे. सवय अशी जडली होती की त्याची आई बुद्धपौर्णिमेला माझ्यासाठी खीर पाठवायची, तर तो डबा देताना म्हणायचा, "काकू, डबा सोडून सव्वा किलो." आणि मी तो डबा मुद्दाम पायऱ्यांवर बसून उघडायची. शकूला दिसला पाहिजे.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. वाटण्या झाल्यापासून शकू माझ्या अंगणात पाऊल टाकायची ती एवढ्या एकाच दिवशी, तेही अंगावर घरातलं सगळं सोनं चढवून. त्या वर्षी तिनं नव्या पाटल्या केल्या होत्या. बायकांनी बघितल्या, पण पुण्याच्या बायका. बघितलं असं दाखवतील तर शपथ. मीही तिळगूळ देताना तिच्या कपाळाकडेच बघत राहिले.

तेवढ्यात मिलिंद जिना उतरला. शकूकडे पाहून थबकला. डोक्यात दिवसभराचं काम घोळत होतं, पोराच्या तोंडून निघून गेलं, "काकू, हे सगळं धरून किती भरतं?"

मला वाटलं, आता भांडण होणार. शकूचा चेहरा असा उजळला की बस. हातातलं वाण खाली ठेवून तिनं बोरमाळेपासून जोडव्यांपर्यंत एकेका दागिन्याचं वजन सांगितलं, आणि मिलिंद मनातल्या मनात बेरीज करत होता.

जाताना मला म्हणाली, "आक्का, पोरगा हुशार आहे. तुमच्याकडे वाया जातोय."

तिची नजर मिलिंदवर पडली ती त्या दिवशी.

*

एकदा माडीवरचं काम बघायला परदेशातला मोठा साहेब यायचा होता. त्याच्या पसंतीवर पुढचं काम अवलंबून. मी सकाळपासून पुरण वाटत होते. माडी झाडून, फुलदाणी ठेवून सगळे ताठ बसले. साहेब काही येईना.

झालं होतं असं, की गाडीवाल्यानं गल्लीत येऊन दोन्हीकडे बघितलं. एकीकडे माझं विटांचं घर, ओट्यावर कांदे. दुसरीकडे निळ्या काचा. त्यानं साहेबाला सरळ समोर उतरवलं. आणि शकूनं नको म्हणायचं सोडून त्याला ओवाळलं. मग घरात नेलं आणि ताटावर बसवलं. कंप्यूटरवाली पोरंही खाली येऊन हात मिळवून गेली. त्यांना वाटलं, हा आपलाच कोणी असेल.

तासाभरानं साहेब कपाळाला नाम लावून रस्ता ओलांडून आला. मी ताट पुढं केलं. त्यानं पोटावर हात ठेवला आणि मान हलवली.

माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. देवधरसाहेबांनी ते पाहिलं असावं. ते वळून म्हणाले, "मिलिंद, समोरच्यांनी साहेबांचं वजन वाढवून पाठवलंय. बेरजेत धर."

*

कंप्यूटर कंपनीतली पोरं मधूनमधून माझ्या पायऱ्यांवर चहाला येत. एसीत बसून गारठायची बिचारी. त्यातल्या एकानं देवधरसाहेबांना विचारलं, "सर, आमच्यात चूक सापडली की आम्ही दुरुस्त करून नवं व्हर्जन पाठवून देतो. तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात चूक करत नाहीत."

"पण झालीच तर?"

"तर तिच्यात मासे राहतात."

पोरगा चहा अर्धा टाकून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस मिलिंद जेवायला बसला की विचारात दिसायचा.

*

मग ते दोन हजार साल जवळ आलं. म्हणे एक जानेवारीला जगातले सगळे कंप्यूटर तारीख विसरणार, विमानं पडणार, बँका बंद होणार. शकू गल्लीभर सांगत होती की हे सगळं थांबवायचं काम तिच्या तिन्ही मजल्यांवर चाललंय. मी चेष्टा केली, पण माठ भरून ठेवले.

एक तारीख उजाडली. दूधवाला आला, पेपर आला, नळाला पाणी आलं. काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून कंपनीनं पेढे वाटले, पोरांना बक्षिसं दिली, शकूला साडी.

मी पेढ्याचा पुडा घेऊन माडीवर गेले. मी म्हटलं, "न झालेल्या गोष्टीची साडी मिळते, हे मला माहीत नव्हतं."

देवधरसाहेबांनी पेढ्याचा एक तुकडा मोडला. "वहिनी, आम्हीही इतकी वर्षं काही होऊ नये म्हणूनच राबतोय. आमचं काहीच झालं नाही, तर लोक विचारतील, मग एवढी माणसं कशाला ठेवली होती?"

मिलिंद हसला नाही. पेढा त्यानं हातातच ठेवला.

*

त्या वर्षापासून माणसं रस्ता ओलांडायला लागली. म्हणजे माझ्या माडीवरची, समोर. सहा महिन्यांचा कंप्यूटरचा क्लास करायचा आणि काचेत जायचं. पगार दुप्पट, वर अमेरिकेची आशा. माडीवर कोणाचं टेबल रिकामं दिसलं की विचारायचं नाही, सगळ्यांना ठाऊक. फक्त एकजण म्हणायचा, "ओलांडला का?" आणि दुसरा म्हणायचा, "ओलांडला."

शकू एकेकाचं नाव मला गच्चीवरून ऐकवायची, लग्नाच्या अक्षता द्यायला आल्यासारखी. माझं रक्त आटायचं. कारण आता गोष्ट काचांची आणि साड्यांची राहिली नव्हती. किनाऱ्यावर ते बांधकाम पुरं होत आलं होतं. त्याचं सगळं वजन मिलिंदच्या डोक्यात. तो गेला असता तर देवधरसाहेबांनी माडीला कुलूप लावलं असतं. तसं त्यांनी मला सांगितलंही होतं, पाण्याचा ग्लास मागावा इतक्या सहज.

आणि शकू एक दिवस म्हणाली, "आक्का, तुमच्या मिलिंदसाठी आमच्या साहेबांनी खुर्ची राखून ठेवलीय. गोल फिरणारी. मीच सुचवलं नाव."

तो वर आला तेव्हा मी जिन्यातच त्याला धरलं. "जाणार का रे?"

तो पायरीवर बसला. म्हणाला, "काकू, घरी सगळे विचारतात, तू काय करतोस. मी सांगतो, सिमेंट तरंगवतो. ते हसतात. माझ्याबरोबरच्या पोरांनी फ्लॅट घेतले खराडीला. मी इतकी वर्षं बेरीज करतोय, ती बरोबर आहे का तेही मला माहीत नाही."

"मग?"

"एकदा पाण्यावर बघतो. तोवर कोणाला हो म्हणत नाही."

*

पाण्यात सोडायच्या दिवशी देवधरसाहेबांनी मलाही नेलं. सगळ्यांसाठी मिनीबस केली होती. मी चढले तर मागच्या सीटवर शकू. सोन्यासकट.

"तुला कोणी बोलावलं?" मी म्हटलं.

"बोलावणं कशाला पाहिजे? कसं बुडतं ते मला बघायचंय."

घाट उतरून किनाऱ्याला पोचलो. समुद्राच्या कडेला गावाएवढा खड्डा खणलेला, समुद्राच्या बाजूनं लोखंडी दार. त्याला गोदी म्हणतात. आणि आत ते उभं होतं. हौदातल्या डब्याचाच आकार, पण शकूच्या इमारतीसारख्या कितीतरी इमारती एकमेकींवर ठेवल्या तरी कमीच. मी मान वर करून बघत होते. तेवढ्यात शकू माझ्या कानाशी म्हणाली, "हे माझ्या मजल्यांपेक्षा उंच आहे." सांगत होती की विचारत होती, कळलं नाही.

आता गोदीत पाणी सोडायचं, आणि पाण्यानं ते उचलायचं. उचललं नाही तर पुढं काही नाही.

पाणी यायला लागलं. देवधरसाहेब त्याच्याकडे पाठ करून नारळीच्या झाडाखाली उभे राहिले आणि नखं बघायला लागले. मिलिंद अगदी काठावर. बांधकामाच्या अंगावर त्यानं पांढरी रेघ मारून घेतली होती. पाणी या रेघेपर्यंत चढलं की ते उचललं जाणार, असं त्याच्या बेरजेत निघत होतं.

पाणी चढत होतं. काँक्रीट जागचं हलत नव्हतं. दुपार झाली, कोणी जेवलं नाही. पाणी रेघेला टेकलं. मिलिंदनं दोन्ही हात खिशात घातले.

पाणी रेघेच्या थोडं वर गेलं.

मी शकूकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, झोपलं बाळ. शकूचे डोळे मिटलेले, पाटल्या हातात घट्ट दाबलेल्या, आणि ओठ हलत होते. मी कान लावला. म्हशीला उठवतात तसं हळूहळू पुटपुटत होती, "ऊठ गं बाई. ऊठ. हाय बघ, हाय तुझ्यात जीव, ऊठ."

मग गोदीच्या दगडी पायऱ्यांवर पाणी चढत राहिलं, पण बांधकामावरच्या रेघेवर चढायचं थांबलं. बांधलेले दोर एकेक करून ताठ झाले. ते सगळं धूड एखाद्या म्हाताऱ्यानं झोपेत कूस बदलावी इतकंसं हललं.

मिलिंदनं काठावर ओणवं होऊन नजरेनं रेघेवरचं पाणी मोजलं. देवधरसाहेब झाडाखालून न वळताच म्हणाले, "रेघेच्या वर किती गेलं?"

"एक वीतभर, सर."

"रंगाचा एक हात जास्त दिला असणार," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते.

*

परतताना घाटमाथ्यावर बस थांबली. सगळे चहाला उतरले, शकू मात्र बसूनच. मिलिंद खिडकीला डोकं टेकून झोपला होता, त्यालाही मी काही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दार उघडलं, तर अंगणाचं फाटक सताड उघडं. संक्रांत सहा महिने लांब. माझ्या हौदाजवळ एक खुर्ची. काळी, चाकांची, गोल फिरणारी, पाठीला अजून कारखान्यातलं प्लास्टिक तसंच. चाकांना रस्त्यावरचा चिखल. मिलिंदसाठी राखलेली ती खुर्चीच रस्ता ओलांडून आली होती.

खुर्चीत शकू. हौदात तिची कढई. कढईत नारळ.

बाजूला मिलिंद, बाह्या सरसावलेल्या, पुढचा नारळ हातावर तोलत म्हणत होता, "मधोमध ठेवा, धाकट्या काकू. कडेला नको."

मी म्हटलं, "शकू, हे काय चाललंय?"

तिनं मान वळवली नाही.

"गप्प उभ्या राहा, आक्का. अजून दोन मावतील."